विषाणू गेल्यावर उरते काय?

कारण नाहीसे झाल्यावर कार्य कशाच्या आधारावर टिकते, हा दर्शनशास्त्रातला जुना प्रश्न लाँग कोव्हिडने थेट दवाखान्यात आणून ठेवला. ताप उतरतो, आरटीपीसीआर चाचणी निगेटिव्ह येते, छातीचा एक्स-रे स्वच्छ निघतो. आणि तरीही माणसाला दोन जिने चढताना धाप लागते, वाचलेले पान डोक्यात थांबत नाही, बाजारात एक फेरी मारून आल्यावर तो दोन दिवस अंथरूण धरतो. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार, संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी असलेली, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही निदानात न बसणारी लक्षणे म्हणजे हा आजार. संघटनेच्याच अंदाजाने कोव्हिड झालेल्या दर १०० जणांपैकी सुमारे ६ जणांना तो गाठतो. या व्याख्येत विषाणू भूतकाळात आहे आणि आजार वर्तमानकाळात. दोहोंना जोडणारे काय, याविषयी व्याख्या मौन बाळगते. महाराष्ट्रात चिकुनगुन्याची साथ पाहिलेल्या गावांना असे मौन ओळखीचे आहे. ताप चार-आठ दिवसांत गेला, सांधे मात्र पुढे कित्येक महिने बोलत राहिले.

दहाव्या-अकराव्या शतकात मिथिलेत होऊन गेलेल्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’च्या पहिल्या स्तबकात हीच जागा हेरली होती. त्यांच्यापुढचे उदाहरण अर्थातच आजाराचे नव्हते, यज्ञाचे होते. यज्ञ आटोपतो, अग्नी विझतो, मंडप उतरवला जातो. आणि स्वर्ग मिळायचा तो यजमानाच्या मृत्यूनंतर. कधीच संपून गेलेले कर्म मागे काही ‘अतिशय’, म्हणजे काही विशेष शिल्लक, ठेवल्यावाचून फळ देऊ शकणार नाही, असा उदयनांचा युक्तिवाद आहे. या शिल्लक राहणाऱ्या गोष्टीला मीमांसकांनी अपूर्व म्हटले, नैयायिकांनी अदृष्ट. जड अपूर्व आपणहून फळ वाटत बसेल हे शंकराचार्यांना पटले नाही, म्हणून ब्रह्मसूत्रभाष्यात त्यांनी फळ देणारा ईश्वर मानला. भांडण दुव्याच्या स्वरूपावरून होते. दुवा लागतो, याबद्दल कोणाचे दुमत नव्हते.

न्यायशास्त्रात अशा दुव्याला ‘व्यापार’ अशी नेमकी संज्ञा आहे: जो कारणापासून उपजतो आणि त्याच कारणाचे कार्य घडवून आणतो, तो व्यापार. कुऱ्हाडीने लाकूड तुटते, त्यात कुऱ्हाडीचा लाकडाशी होणारा संयोग हा व्यापार. काल पाहिलेला माणूस आज आठवतो. पाहणे तर कालच संपले, पण त्याचा संस्कार उरला, तो व्यापार. आजचे वैद्यक ज्याला मेकॅनिझम म्हणते त्याच्याशी ही संज्ञा बरीच जुळते. नैयायिक आणखी एक पुस्ती जोडतात: व्यापार सापडला म्हणून मूळ कारण फालतू ठरत नाही. संस्कार सापडला तरी अनुभव कारण राहतोच. विषाणूचे प्रथिन शरीरात मागे राहते, पेशींच्या ग्राहींना चिकटते आणि त्यातून लक्षणे चालू राहतात, हे लाँग कोव्हिडविषयीचे आजचे एक प्रमुख गृहीतक आहे. ते अशाच एका व्यापाराची कल्पना आहे, आणि तिची छाननी त्याच काटेकोरपणे व्हायला हवी.

सार्स-कोव्ह-२ विषाणूच्या पृष्ठभागावर जे काटे दिसतात ते स्पाइक प्रथिनाचे. तीन सारख्या साखळ्या एकत्र येऊन एक काटा बनतो आणि प्रत्येक साखळीत १२७३ अमिनो आम्ले असतात. काट्याच्या टोकाचा एक तुकडा पेशीवरच्या एसीई-२ या प्रथिनाला बिलगतो, मग पेशीचीच विकरे काटा कापतात आणि विषाणूचे आवरण पेशीच्या पटलात मिसळते. इथे भाषा जरा फसवते. एसीई-२ ला ‘कोरोनाचा ग्राही’ किंवा रिसेप्टर म्हणण्याची रीत पडली आहे, जणू तो विषाणूच्या स्वागतासाठी उभा आहे. प्रत्यक्षात ते एक विकर आहे. रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या अँजिओटेन्सिन-२ या रेणूचे तुकडे करून, वाहिन्या सैल करणारा दुसरा रेणू बनवणे हे त्याचे काम. त्याचा शोध २००० साली लागला आणि २००३ मध्ये, सार्सच्या पहिल्या साथीत, ते विषाणूचा दरवाजा म्हणून ओळखले गेले. दरवाजा हे नाव चोराच्या बाजूने दिलेले आहे; घरच्यांसाठी ती रोज राबणारी व्यक्ती आहे. ‘ग्राहीला बांधले जाणे’ म्हणजे पेशीत शिरणे, एवढाच अर्थ घेतला तर लाँग कोव्हिडचे कोडे सुटत नाही. राबणाऱ्याचे हात बांधले गेले, असा अर्थ घेतला की मग पुढचे काही दिसू लागते.

पहिल्या सार्सच्या स्पाइक प्रथिनाने उंदरांच्या फुप्फुसांतील एसीई-२ चे प्रमाण घटते, हे २००५ मध्येच दाखवले गेले होते. अख्ख्या विषाणूची त्यासाठी गरज पडली नव्हती. नव्या विषाणूच्या बाबतीत हीच गोष्ट रक्तवाहिन्यांच्या अस्तरात, हृदयात, मूत्रपिंडात आणि आतड्यात घडू शकते, कारण एसीई-२ तिथेही आहे. शिवाय हा काटा एकाच कुलपाची किल्ली नाही. कापल्या गेलेल्या काट्याचे टोक न्यूरोपिलिन-१ या ग्राहीलाही बसते, असे २०२० मध्ये दोन संशोधक गटांनी दाखवले. रक्तवाहिन्या आणि चेतातंतू यांच्या वाढीशी हा ग्राही निगडित आहे. ब्राझीलमधील संशोधकांनी २०२३ मध्ये उंदरांच्या मेंदूत नुसते स्पाइक प्रथिन सोडले. सुरुवातीला फारसे काही झाले नाही. काही आठवड्यांनी उंदरांची स्मरणशक्ती ढासळली, आणि टीएलआर-४ हा ग्राही रोखला किंवा तो मुळातच नसला, तर ती ढासळत नव्हती. टीएलआर-४ हा प्रतिकारयंत्रणेचा पहारेकरी. जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे ओळखून तो दाह सुरू करतो. त्याच अभ्यासात, कोव्हिडनंतर स्मरणाच्या तक्रारी असलेल्या माणसांमध्ये या ग्राहीच्या जनुकाच्या एका विशिष्ट रूपाशी संबंध आढळला. प्रयोगातला उशीर लक्षात घेण्याजोगा आहे. प्रथिन आले आणि स्मृती गेली, या दोन घटनांमध्ये काळाचे अंतर होते, आणि ते अंतर भरणारी गोष्ट, म्हणजे दाह, दाखवता आली.

सर्वात धाडसी कल्पना फ्रेंच चेताशास्त्रज्ञ झाँ-पिएर शाँझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल २०२० मध्ये मांडली. तिची मुळे सापाच्या विषात आहेत. आपल्याकडच्या मण्यारीच्याच कुळातील तैवानमधल्या एका सापाच्या विषात अल्फा-बंगारोटॉक्सिन हा घटक असतो. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या ॲसिटिलकोलिनच्या ग्राहीला तो असा घट्ट धरतो की हुकूम पोचतच नाही. १९७० मध्ये याच विषाचा गळ टाकून शाँझो यांनी विद्युत-ईल माशातून तो ग्राही वेगळा काढला होता. अर्धशतकानंतर त्यांना कोरोनाच्या काट्यातील एक छोटा भाग या विषाशी आणि रेबीजच्या विषाणूच्या प्रथिनाशी मिळताजुळता दिसला. रेबीजचा विषाणू याच ग्राहीला चिकटतो, हे १९८२ पासून माहीत आहे. ॲसिटिलकोलिनच्या ग्राहींचा अल्फा-७ हा प्रकार मेंदूत असतो आणि दाह आवरणाऱ्या पेशींवरही असतो. व्हेगस चेतातंतू त्याच्यामार्फत दाहाला लगाम घालतो. तो लगामच सुटला, तर थकवा, डोक्यातले धुके, उभे राहताच धडधडणारे हृदय, हे सारे एका सूत्रात बसते. सूत्र देखणे आहे. संगणकावरच्या प्रतिकृती त्याला अनुकूल आहेत. प्रत्यक्ष बंध किती घट्ट, याबद्दल प्रयोगशाळांमधला पुरावा मात्र एकमुखी नाही. निकोटिनच्या पट्ट्या लावून बरे वाटल्याच्या मोजक्या रुग्णकथा प्रसिद्ध झाल्या आहेत. मोजक्या रुग्णकथांवरून सिद्धांत ठरत नाही. देखणेपणा हे प्रमाण नव्हे, हे नैयायिकांनी बजावून ठेवले आहे, आणि शास्त्रज्ञांनाही ते दर पिढीत नव्याने शिकावे लागते.

या साऱ्या कल्पना ज्या पायावर उभ्या आहेत तो असा, की प्रथिन खरोखर मागे राहते. याबाबतीत पहिली काही वर्षे उत्तर सोपे वाटत होते: तपासणीत काही सापडत नाही, म्हणजे काही नाही. भाट्ट मीमांसकांनी ‘अनुपलब्धी’ला, म्हणजे न दिसण्याला, स्वतंत्र प्रमाण मानले, पण एक अट घालून. जी वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, तिचेच न दिसणे तिचा अभाव सिद्ध करते. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. हीच ‘योग्य अनुपलब्धी’ची अट उदयनांनी ईश्वराच्या बाजूने वापरली: ईश्वर इंद्रियांना दिसण्याजोगाच नाही, तेव्हा त्याच्या न दिसण्यावरून तो नाही असे ठरत नाही. आस्तिक-नास्तिक वादात या युक्तिवादाचे वजन किती, हा प्रश्न वेगळा. प्रयोगशाळेत मात्र तो जसाच्या तसा लागू पडतो. नेहमीच्या चाचणीला रक्तातले अत्यल्प प्रथिन दिसण्याजोगेच नव्हते. एकेक रेणू मोजू शकणारी, कित्येक पट संवेदनशील तंत्रे वापरल्यावर चित्र बदलले. २०२२ मध्ये बोस्टनच्या संशोधकांना लाँग कोव्हिडच्या ३७ रुग्णांपैकी बहुसंख्यांच्या रक्तात स्पाइक प्रथिन आढळले, काहींत तर संसर्गानंतर वर्षभरापर्यंत. २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील गटाने १७१ जणांचे नमुने तपासले. सुमारे चतुर्थांश लोकांत विषाणूचे कुठले ना कुठले प्रथिन मिळाले, तेही १४ महिन्यांपर्यंत. खोलीत दिवा लागला.

तोवर रुग्णांना जे ऐकावे लागले ते याच तर्कदोषाचे फळ होते. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ या वाक्याचा अर्थ ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असा काढणे म्हणजे अंधारात घडा नाकारणे. या आजाराचे नावही कोणा वैद्यकीय मंडळाने दिलेले नाही. मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या स्वतः आजारी असलेल्या पुरातत्त्वज्ञ महिलेने ट्विटरवर ते वापरले आणि रुग्णांनी ते उचलले. उरलेल्या अवशेषांवरून होऊन गेलेल्याचा शोध घेणे हाच जिचा व्यवसाय, तिने हे नाव द्यावे हा योगायोग मोठा बोलका आहे. न्यायात आप्ताचे वचन हे प्रमाण आहे. जो स्वतः जाणतो आणि जसे आहे तसे सांगतो तो आप्त. आपल्या थकव्याबद्दल रुग्ण आप्त आहे, त्याच्या कारणाबद्दल नाही. बरेच डॉक्टर पहिली गोष्ट विसरले, आणि समाजमाध्यमांवरचे बरेच रुग्ण दुसरी.

इथे धार्मिक परंपरेचा एक उपद्रवही नोंदवायला हवा. वर्तमानात दुःख आहे आणि कारण दिसत नाही, म्हणून ते पूर्वजन्मीच्या कर्मात असणार, हे अनुमान घरोघरी केले जाते. चरकसंहितेतही पूर्वकर्माने होणाऱ्या रोगांचा उल्लेख आहे. पण त्याच संहितेत रोगांची निज, आगंतू आणि मानस अशी विभागणी करताना आगंतू रोगाविषयी एक बारीक निरीक्षण आहे: बाहेरून आलेला रोग आधी पीडा देतो आणि मागाहून शरीरातल्या दोषांचा तोल बिघडवतो, निज रोगात क्रम उलटा असतो. चरकांना विषाणू ठाऊक होता असे यावरून म्हणणे हास्यास्पद ठरेल. तरीही बाहेरून आलेले काही काळाने घरचे होऊन बसते ही सरळ शक्यता हाताशी असताना, रुग्णाला पूर्वजन्मीचा अपराधी ठरवण्याची घाई त्या परंपरेच्या नावाने करणे हा तिच्यावरच अन्याय आहे.

प्रथिन सापडले, म्हणजे तेच कारण, असे मात्र म्हणता येत नाही. कारण ठरण्यासाठी न्यायाची कसोटी अन्वय आणि व्यतिरेक यांची आहे: ते असताना कार्य असावे, ते नसताना नसावे. शिवाय ते ‘अन्यथासिद्ध’ नसावे. घडा घडताना कुंभाराचे गाढवही अंगणात उभे असते, पण घड्याचे कारण म्हणून त्याला कोणी धरत नाही. रक्तातले प्रथिन हे चाक आहे की गाढव, हाच खरा वाद आहे. अन्वय ढळतो, कारण पूर्ण बऱ्या झालेल्या काही लोकांतही ते सापडते. व्यतिरेकही ढळतो, कारण लाँग कोव्हिडच्या कित्येक रुग्णांत ते सापडत नाही. एमआरएनए लस घेतल्यावर शरीर हेच प्रथिन काही काळ स्वतः बनवते, आणि लस घेतलेल्यांमध्ये लाँग कोव्हिडचा धोका एकंदरीत कमीच आढळला आहे. तेव्हा प्रथिनाचे नुसते असणे पुरेसे नाही. किती, कुठे, किती काळ आणि कोणाच्या शरीरात, हे त्यात मिळवावे लागते. न्यायाच्या परिभाषेत ही सहकारी कारणे; ती सगळी जमली की ‘सामग्री’ पूर्ण होते आणि तेव्हाच कार्य घडते. टीएलआर-४ च्या जनुकाचे विशिष्ट रूप हे असे सहकारी कारण असू शकते. रक्ताच्या गुठळीचे जाळे विणणारे फायब्रिनही कदाचित त्यात येईल. स्पाइक प्रथिन त्याला थेट चिकटते आणि त्यातून दाह घडवणाऱ्या गुठळ्या बनतात, असे २०२४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले.

दुसरी शक्यता अधिक मूलगामी आहे. अग्नी गवतापासून पेटतो, अरणी घासून पेटतो आणि सूर्यकांत मण्यापासूनही पेटतो. मग यांतले एकही अग्नीचे नियत कारण नाही असे मानायचे का? तृणारणिमणिन्याय या नावाने हा पेच प्रसिद्ध आहे आणि नैयायिकांचे त्यावरचे उत्तर असे, की तिन्हींपासून होणारे अग्नी सूक्ष्म जातिभेदाने वेगळे असतात. डोळ्यांना तो भेद दिसत नाही इतकेच. दोनशेहून अधिक लक्षणे एका नावाखाली गोळा करणाऱ्या आजाराला हे उत्तर चपखल बसते. लाँग कोव्हिड हा एकच आजार नसेल. एखाद्यात प्रथिन ग्राहीला चिकटून बसलेले असेल, दुसऱ्यात प्रथिन केव्हाच गेलेले आणि त्याने केलेली मोडतोड राहिलेली.

व्यतिरेकाची खरी परीक्षा उपचारांत होते: कारण काढून घ्या आणि कार्य जाते का ते पाहा. विषाणूची वाढ रोखणारे पॅक्सलोव्हिड हे औषध स्टॅनफर्डमध्ये १५५ रुग्णांवर १५ दिवसांच्या मात्रेत तपासले गेले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात नकली गोळीपेक्षा त्याचा अधिक फायदा दिसला नाही. गृहीतक संपले, असे अनेकांनी यावरून ठरवले. पण पॅक्सलोव्हिड विषाणूच्या एका विकराला रोखते. आधीच बनलेले, ऊतींत दडलेले किंवा ग्राहीला चिकटलेले प्रथिन ते उपटून काढत नाही. जिथे कारण खरोखर निघाले की नाही हेच ठाऊक नाही, तिथे कार्य राहिले म्हणून व्यतिरेक मोडला असे म्हणता येत नाही. याच रीतीने गृहीतक कायमचे वाचवतही येते, आणि तेही तितकेच घातक. दिवसा न जेवणारा देवदत्त लठ्ठ दिसतो, तेव्हा तो रात्री जेवत असणार, ही अर्थापत्ती मीमांसकांची लाडकी. आजार आहे, तेव्हा प्रथिन कुठेतरी असणारच, ही तिची आजची आवृत्ती. देवदत्ताच्या अंगावर ती सूज असेल, तर रात्रभर त्याच्या स्वयंपाकघरावर पाळत ठेवून काय मिळणार?

ती सूज म्हणजे अतिशयाचा दुसरा आश्रय. शिल्लक नेमकी राहते कुठे, बाहेरच्या वस्तूत की भोक्त्याच्याच ठिकाणी, यावर उदयनांनी बराच खल केला आणि ती भोक्त्याच्या आत्म्यात ठेवली. लाँग कोव्हिडमध्ये या दुसऱ्या बाजूला आहेत रुग्णाचीच प्रतिपिंडे. विषाणूच्या काट्याविरुद्ध शरीर प्रतिपिंड बनवते. काटा किल्लीसारखा असेल तर हे प्रतिपिंड कुलपाच्या खाचेसारखे होते. प्रतिकारशास्त्रज्ञ नील्स येर्ने यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार शरीर या प्रतिपिंडाविरुद्धही दुसरे प्रतिपिंड बनवू शकते, आणि खाचेचा साचा पुन्हा किल्लीच्या आकाराचा निघतो. म्हणजे मूळ काटा नष्ट झाल्यावर त्याची प्रतिमा तयार राहते, एसीई-२ सारख्या ग्राहीला चिकटू शकेल अशी. ही शक्यता कोव्हिडच्या संदर्भात २०२१ मध्ये मांडली गेली. विषाणूचा अणुरेणूही न उरता ग्राहीवरचा त्याचा हात मात्र उरावा, अशी ही स्थिती असेल, आणि तो हात पूर्णपणे स्वतःच्याच मांसाचा. अनुभव आणि संस्कार यांचे नाते इतक्या शब्दशः क्वचितच भेटते.

या बाजूचा पुरावाही सरळ रेषेत चाललेला नाही. हृदयाची गती आणि रक्तवाहिन्यांचा ताण सांभाळणाऱ्या ग्राहींविरुद्धची प्रतिपिंडे काही रुग्णांत आढळली. ती निकामी करण्यासाठी बीसी-००७ हे औषध बनवले गेले, सुरुवातीच्या रुग्णकथांनी मोठी आशा जागवली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ते नकली औषधापेक्षा सरस ठरले नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील आणि नेदरलँड्समधील दोन गटांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी लाँग कोव्हिडच्या रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे गाळून निरोगी उंदरांना टोचली. उंदरांची वेदनेची जाणीव वाढली, काही प्रयोगांत त्यांच्या हालचालींतही फरक पडला. त्या उंदरांच्या शरीरात विषाणू कधी शिरलाच नव्हता.